नोंदणी विवाहाचे छायाचित्रण : कायद्याचा क्रम आणि कॅमेऱ्याची शिस्त

पुरोहित, मांडव आणि जेवणावळी यांच्याशिवाय, विवाह अधिकाऱ्यासमोर तोंडी स्वीकृती देऊन आणि सह्या करून पूर्ण होणारा नोंदणी विवाह महाराष्ट्राला नवा नाही. मात्र अशा विवाहासाठी व्यावसायिक छायाचित्रकाराला बोलावण्याची पद्धत बरीच अलीकडची असून त्या कामाची शिस्त अजून पुरती बसलेली नाही. मंगल कार्यालयातल्या लग्नात छायाचित्रकाराला विधींचा क्रम तोंडपाठ असतो, अंतरपाट केव्हा दूर होणार हे मंगलाष्टकांवरून कळते, आणि एखादा क्षण निसटलाच तर गुरुजींना थांबवून तो पुन्हा घडवून आणण्याची सोयही असते. नोंदणी कार्यालयात यातले काहीच नसते. दोन-तीन तास बाकावर बसून काढल्यावर नाव पुकारले जाते आणि पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत सगळे आटोपते. त्या मिनिटांत कोणती सही कशाची आहे आणि विवाह नेमका कोणत्या क्षणी पूर्ण होतो, हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे त्याच्याच हाती काही लागते. म्हणून या कामाची तयारी लेन्सपासून न करता कायद्यापासून करावी, हे इष्ट.

सर्वप्रथम जोडप्याला एक गोष्ट विचारून घ्यावी : विवाहच कार्यालयात होणार आहे, की झालेल्या विवाहाची फक्त नोंद होणार आहे? बोलीभाषेत दोन्हींना ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात आणि दोन्हींत न्यायालयाचा काही संबंध नसतो. पण छायाचित्रणाच्या दृष्टीने ती दोन वेगळी कामे आहेत. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली विवाह अधिकाऱ्यासमोर होते ते प्रत्यक्ष लग्न असते. याउलट मंदिरात किंवा एखाद्या वैदिक मंडळात लग्न लावून झाल्यावर महापालिकेच्या विभाग कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ खाली जे केले जाते ती नोंद असते. तिथे वधू-वर आणि तीन साक्षीदार खिडकीसमोर उभे राहून ज्ञापनावर सह्या करतात आणि निघतात. कार्यालयाच्या आसपास ‘एका दिवसात कोर्ट मॅरेज’ असा फलक लावलेला एजंट बहुधा हाच दुसरा मार्ग सुचवत असतो, कारण विशेष विवाह कायद्याखाली एका दिवसात लग्न होणे शक्यच नाही. जोडप्याला या फरकाची कल्पना नसेल तर छायाचित्रकाराने कायद्याचा सल्लागार होऊ नये. पण आपल्याला चित्रे कशाची काढायची आहेत, एवढे त्यांच्याकडून स्पष्ट करून घेणे त्याचे काम आहे.

विशेष विवाह कायद्याची कालमर्यादा छायाचित्रकाराच्या वेळापत्रकावर थेट परिणाम करते. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहत आहे त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नियोजित विवाहाची नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात दर्शनी जागी लावली जाते, आणि तीस दिवसांत कोणाला कायदेशीर हरकत घेता येते. हरकत आली नाही तर त्यानंतर विवाह करता येतो. मात्र नोटिशीपासून तीन महिन्यांत तो झाला नाही तर नोटीस रद्द समजली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणजे लग्नासाठी हाती साधारण दोन महिन्यांचा काळ उरतो, त्यातली तारीख कार्यालयाच्या सोयीने आणि पुष्कळदा अगदी थोडे दिवस आधी ठरते, आणि ठरलेल्या दिवशीसुद्धा सर्व्हर बंद असणे किंवा अधिकारी दुसऱ्या बैठकीला गेलेले असणे यात अनपेक्षित असे काही नसते. मुहूर्ताच्या लग्नाप्रमाणे सहा महिने आधी तारीख बांधून घेणारा करार इथे निरुपयोगी ठरतो. तारीख एकदा विनाशुल्क बदलता येईल, आणि मोबदला तासांवर न ठरता अर्ध्या दिवसाच्या कामावर ठरेल, असे करारात लिहिलेले असावे. अन्यथा प्रतीक्षेच्या तासांवरून वाद होतो आणि तो नेमका लग्नाच्या दिवशी होतो.

खोलीतला क्रम साधारणतः असा असतो. आधी कागदपत्रे आणि ओळखपत्रे तपासली जातात. त्यानंतर वधू, वर आणि तीन साक्षीदार एका घोषणापत्रावर सह्या करतात. दोघे अविवाहित आहेत किंवा कायद्याने विवाहास पात्र आहेत, वयाची अट पूर्ण करतात, निषिद्ध नातेसंबंधात येत नाहीत, अशा आशयाचे हे निवेदन असते आणि त्यावर अधिकारीही सही करतो. ही पहिली सही पाहून बहुतेक नवखे छायाचित्रकार सगळी शक्ती तिथेच खर्च करतात, पण अजून विवाह झालेला नसतो. विवाह पूर्ण होतो तो पुढच्या पायरीला, जेव्हा दोघे एकमेकांना उद्देशून, दोघांना कळेल अशा कोणत्याही भाषेत, अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर, ‘मी तुझा कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो अथवा करते’ अशा अर्थाचे वाक्य उच्चारतात. कायद्याने विवाहाचा विधी जोडप्याच्या पसंतीवर सोडला आहे. हार घालावेत, मंगळसूत्र बांधावे, काहीच करू नये, सर्व चालते. पण हे वाक्य उच्चारल्याखेरीज विवाह पक्का होत नाही. त्यानंतर प्रमाणपत्र पुस्तकात नोंद होते, तिच्यावर पुन्हा दोघांच्या आणि तिन्ही साक्षीदारांच्या सह्या होतात.

यातून छायाचित्रकारासाठी निघणारा अर्थ असा की सर्वांत महत्त्वाचा क्षण हा कागदावर वाकलेल्या मानेचा नसून बोलणाऱ्या चेहऱ्याचा असतो, आणि तो काही सेकंदांत संपतो. काही अधिकारी वाक्य सावकाश सांगून ते म्हणवून घेतात, काही जण छापील मजकूर वाचायला देतात, आणि गर्दीच्या दिवशी तो इतक्या घाईने उरकला जातो की जोडप्यालाही आपले लग्न झाले हे नंतर कळते. म्हणून जोडप्याला आधीच सुचवून ठेवावे की ते वाक्य म्हणताना त्यांनी अधिकाऱ्याकडे किंवा कागदाकडे न पाहता एकमेकांकडे पाहावे; कायद्यानुसारही ते वाक्य एकमेकांनाच उद्देशून असते, त्यामुळे यात छायाचित्रासाठी काही खोटे घडवल्यासारखे होत नाही. हार घालणे मात्र पुन्हा करता येते, बाहेर जिन्यात किंवा व्हरांड्यातही करता येते. त्यामुळे खोलीत हारांसाठी जागा अडवू नये, आणि फुलांच्या पाकळ्या उधळण्याचा उत्साह तर शिपायाच्या झाडूचा विचार करून आवरावा.

परवानगीची बाजू जितकी साधी वाटते तितकी नसते. न्यायालयाच्या आवारात छायाचित्रणाला सर्वसाधारणपणे मनाई असते, आणि विवाह अधिकाऱ्याचे कार्यालय एखाद्या सामायिक शासकीय इमारतीत असेल तर दारावरच्या सुरक्षारक्षकाला ते दोन्ही सारखेच वाटते. छायाचित्रकाराने नोटिशीच्या काळात एकदा कार्यालयात स्वतः जाऊन यावे, अधिकाऱ्याला किंवा वरिष्ठ लिपिकाला विचारून घ्यावे, तिपाई आणि मोठ्या दिव्यांचा विषयच काढू नये, आणि ‘फक्त एक कॅमेरा, फ्लॅश नाही, पाच मिनिटे’ एवढ्यावर होकार मिळवावा. त्याच भेटीत खिडक्यांची दिशा, दिव्यांचा प्रकार आणि टेबलाची जागा पाहून घेता येते. नोटीस फलकावर इतर जोडप्यांची नावे आणि पत्ते असतात, टेबलावर इतरांची आधार कार्डे पडलेली असतात; ती चौकटीत येणार नाहीत याची काळजी चित्र घेतानाच घ्यावी, आणि आलीच तर प्रत देण्यापूर्वी पुसून टाकावीत. कायद्यात जादा शुल्क भरून कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरातील ठिकाणी विवाह करण्याचीही तरतूद आहे. घरातल्या वृद्ध व्यक्तीला जिने चढणे जमत नसेल तर जोडप्याने त्याविषयी कार्यालयात चौकशी करावी.

प्रकाशाचा प्रश्न या कामात सर्वांत चिवट आहे. एका बाजूच्या खिडकीतून येणारा निळसर दिवसाचा उजेड आणि डोक्यावरच्या नळीदिव्यांची हिरवट छटा एकाच चेहऱ्यावर पडते, तेव्हा कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाचा रंग ओळखून पांढरा रंग पांढरा दाखवण्याची व्यवस्था, प्रत्येक चित्रात वेगळा निकाल देतो. रॉ स्वरूपात चित्रे घ्यावीत, व्हाइट बॅलन्स एका मूल्यावर कायम करावा, आणि जोडप्याला शक्य तितके खिडकीकडे तोंड करून बसवण्याची विनंती करावी. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे साधे चोक असलेले नळीदिवे आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला हे जाणवत नाही. पण शटरगती १/२५० किंवा त्याहून जलद ठेवली की चित्रांची उजळता कमी-जास्त होते आणि आडवे पट्टे उमटतात. १/१०० किंवा १/५० ही गती त्या लुकलुकण्याचे पूर्ण आवर्तन पकडते, म्हणून ती सुरक्षित. मिररलेस कॅमेऱ्याचे मूक इलेक्ट्रॉनिक शटर अशा शांत खोलीसाठी आदर्श वाटते, पण बहुसंख्य कॅमेऱ्यांत ते सेन्सर ओळीओळीने वाचते आणि पट्ट्यांचा दोष त्यातच सर्वाधिक दिसतो. तेव्हा पूर्वभेटीत चाचणी घेऊन पाहावे, आणि पट्टे दिसत असतील तर यांत्रिक शटरचा हलका आवाज पत्करावा. शिक्क्यांच्या ठोक्यांत तो कोणाला ऐकूही येत नाही. छतावर उडवून मऊ केलेला फ्लॅश जुन्या इमारतींत फारसा उपयोगी नाही, कारण छत उंच असते आणि पिस्ता किंवा निळ्या ऑइलपेंटच्या भिंतींवरून परतणारा प्रकाश तोच रंग चेहऱ्यावर आणतो.

लेन्स एकच न्यायची झाल्यास फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची न्यावी. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २३ किंवा २४ मिलिमीटरची लेन्स तेच दृश्यक्षेत्र देते. त्याहून रुंद लेन्स टेबलाच्या कडेला बसलेल्या साक्षीदाराचा चेहरा ताणते. इथे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, पूर्ण उघडे ठेवण्याचा मोह आवरण्याचे कारण साध्या हिशेबात आहे : दीड मीटर अंतरावरून ३५ मिलिमीटर लेन्स एफ २ वर वापरली तर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम वीस-बावीस सेंटिमीटर असते, आणि सही करणाऱ्या व्यक्तीच्या पेनाचे टोक आणि डोळे यांतले अंतर त्याच्या दुप्पट असू शकते. एफ ४ वर ही खोली दुपटीने वाढते. त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनक्षमता, चौपट वाढवावी लागली तरी बिघडत नाही; ३२०० आयएसओचे कण आजच्या कॅमेऱ्यात सहज खपतात, अस्पष्ट चेहरा खपत नाही. टेबलावर काच असेल तर तिच्यात छताचा दिवा उमटतो. बसल्या जागेवरून थोडे डावीकडे-उजवीकडे सरकले की तो निघून जातो. दोन मेमरी कार्डे असलेला कॅमेरा मात्र अनिवार्य मानावा. सेन्सर, लेन्स, कंपनी यांवरची बाकी चर्चा या खोलीपुरती गैरलागू आहे.

खरे समृद्ध साहित्य मिळते ते खोलीबाहेरच्या बाकावर, आणि नेमके तिथेच पुष्कळ छायाचित्रकार कॅमेरा पिशवीत ठेवून चहाला निघून जातात. लग्नाच्या मंगल कार्यालयात वधू-वरांना एकमेकांशी बोलायला सवड नसते. इथे ते दोन तास शेजारी बसलेले असतात. कोणी फाइलमधल्या झेरॉक्स प्रती तिसऱ्यांदा मोजत असते, कोणी पैठणीच्या निऱ्या सावरत असते, मुलाच्या आईला मुलीच्या आईशी काय बोलावे ते सुचत नसते आणि मग दोघी टोकन क्रमांकावर बोलू लागतात. मोठ्या समारंभात या गोष्टी हरवतात. या वेळात छायाचित्रकाराने जोडप्याला उभे करून हसवू नये, कारण व्हरांड्यात वारसा-दाखला किंवा दस्तनोंदणीसाठी आलेले इतर नागरिकही असतात आणि कोणाच्या घरात नुकताच मृत्यू झालेला असू शकतो. कॅमेरा मांडीवर ठेवावा, सगळ्यांना त्याची सवय होऊ द्यावी, आणि दर काही मिनिटांनी एखादेच चित्र घ्यावे. हातांची, चपलांच्या रांगेची, भिंतीवरच्या सूचनांची चित्रे सध्या सर्रास काढली जातात; त्यांचा पुरवठा मर्यादित ठेवावा, कारण वीस वर्षांनी जोडपे अल्बममध्ये चेहरे शोधणार आहे.

साक्षीदारांचा विषय वेगळा काढावा लागतो. विशेष विवाह कायद्याला तीन साक्षीदार लागतात, आणि घरच्यांना न सांगता लग्न करणाऱ्या जोडप्याकडे बहुधा दोन मित्र असतात. तिसरा मित्र ऐनवेळी येत नाही आणि सगळ्यांची नजर छायाचित्रकाराकडे वळते. माणुसकीच्या दृष्टीने होकार देणे सोपे आहे, परंतु त्याचे परिणाम समजून घ्यावेत. साक्षीदार घोषणापत्रावर सही करतो, त्याची ओळख आणि पत्ता कायमच्या सरकारी नोंदीत जातो, पुढे विवाहाविषयी वाद झाला तर त्याला साक्षीसाठी बोलावले जाऊ शकते. आणि स्वीकृतीचे वाक्य उच्चारले जात असताना त्याला साक्षीदार म्हणून हजर राहायचे असते, कॅमेऱ्यामागे नव्हे. त्यामुळे छायाचित्रकार साक्षीदार होणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगावे आणि जोडप्याने चौथा माणूस राखीव ठेवावा असे सुचवावे.

पळून जाऊन केलेल्या लग्नाच्या बाबतीत परदेशी छायाचित्रणातली कल्पना आणि इथले वास्तव यांत मोठी दरी आहे. तिकडे डोंगरमाथ्यावर दोघांनीच केलेल्या हौशी लग्नालाही पळून जाण्याचे नाव दिले जाते. इथे त्या शब्दांमागे जात, धर्म, घरच्यांचा विरोध आणि प्रसंगी जिवाचा धोका असतो. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी प्रकरणात, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला कुटुंबाची किंवा समाजाची संमती आवश्यक नाही असे स्पष्ट केले आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी सुरक्षित निवाऱ्यांसह उपाययोजना करण्याचे निर्देश राज्यांना दिले. पण निकाल असणे आणि संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचणे या दोन गोष्टींत अंतर असते. नोटीस फलकावर नावे लागलेलीच असतात, आणि जोडप्यापैकी कोणी दुसऱ्या जिल्ह्याचा कायम रहिवासी असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या कार्यालयातही लागते. त्या उघडेपणात छायाचित्रकाराने भर घालू नये. कामाच्या दिवशी समाजमाध्यमांवर काहीही टाकू नये, इमारत ओळखू येईल असा ‘पडद्यामागचा’ व्हिडिओ तर नाहीच नाही; कॅमेऱ्यातली आणि मोबाइलमधली स्थाननोंद आधीच बंद ठेवावी; सहायकाला गरजेपुरतेच सांगावे; आणि नातेवाईक म्हणून कोणी फोन केला तर जोडप्याचा ठावठिकाणा सोडाच, त्यांचे काम घेतल्याचेही सांगू नये. कार्यालयात तणाव निर्माण झाला तर तो चित्रित करण्याचा विचार सोडून पोलिसांना ११२ वर फोन करावा, एवढेच त्या क्षणी उपयोगाचे असते.

कार्यालयाबाहेरच्या चित्रांसाठी फार दूर जाण्याची गरज नसते. मुंबईत फोर्टमधल्या ओल्ड कस्टम हाउसमधल्या विवाह कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या जोडप्याला जवळच १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या, पायऱ्या आणि समोर हॉर्निमन सर्कलच्या कमानी मिळतात. टाउन हॉलची इमारत पश्चिमाभिमुख असल्यामुळे दुपारपर्यंत पायऱ्या तिच्याच सावलीत असतात आणि चेहऱ्यांवर मऊ उजेड येतो. दुपारनंतर ऊन थेट पायऱ्यांवर पडते, तेव्हा कमानींखालची सावली बरी. याच परिसरातल्या शहीद भगतसिंग रस्त्यावर नौदलाची गोदी आणि आस्थापने आहेत, त्या दिशेने कॅमेरा वळवू नये. पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून बाहेर आल्याबरोबर लेन्सवर दव धरते, म्हणून कॅमेरा पाच-दहा मिनिटे पिशवीत राहू द्यावा. गोव्यात, पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी नोंदणीच्या पद्धतीत, निबंधकासमोर दोन वेळा सह्या होतात आणि दुसऱ्या सहीला घरचे लोक आवर्जून येतात. तिथे काम घेताना दोन्ही दिवस हवेत की एकच, हे विचारून ठेवावे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमधल्या संगमरवरी जिन्यावरची चित्रे मोबाइलमध्ये साठवून आणणारी जोडपी आता पुष्कळ असतात. मेरिलिन मन्रो आणि बेसबॉलपटू जो डिमॅजिओ यांनी १९५४ साली त्याच इमारतीत लग्न केले होते, त्यामुळे तिथला डामडौल जुना आहे. आपल्याकडच्या कार्यालयात तसा जिना नाही, फायलींचे गठ्ठे आहेत, हे जोडप्याला आधीच नमुना चित्रे दाखवून सांगावे. गठ्ठे पार्श्वभूमीतून काढून टाकण्याचा अट्टहासही करू नये. ती खोली जशी होती तशी दिसणे हेच या चित्रांचे मोल आहे.

शेवटी चित्रांच्या मालकीचा प्रश्न. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, मोबदला देणारी व्यक्ती असते. बहुतेक छायाचित्रकार याच्या उलट समजतात. त्यामुळे आपल्या संकेतस्थळावर किंवा प्रदर्शनात एखादे चित्र वापरायचे असल्यास लेखी संमती घ्यावी, आणि ती लग्नाच्या गडबडीत न घेता चित्रे पाहून झाल्यावर, चित्रागणिक घ्यावी. प्रती देताना दोन संच करणे सोयीचे ठरते. नातेवाइकांना पाठवायच्या संचातून स्थान आणि इतर अंतर्गत माहिती काढून टाकावी. मूळ संचात मात्र तारीख आणि वेळ तशीच राहू द्यावी, कारण जोडीदाराच्या व्हिसासाठी अर्ज करताना काही देशांचे अधिकारी लग्नाची छायाचित्रे पुरावा म्हणून पाहतात. त्यासाठी त्या दिवशी सकाळीच सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे भारतीय प्रमाणवेळेशी जुळवून घ्यावीत, आणि प्रमाणपत्राचे एक सरळ, सर्व अक्षरे वाचता येतील असे चित्र मूळ संचात वेगळे ठेवावे.